डिस्कवरचा सलामीवीर

विपुल ज्या गोदामात ड्युटीला जातो, तिथे पूर्वी त्याच्या चुलत्यांचं भात उभं असायचं. चुलत्यांनी जमीन दिली, बंगले बांधले आणि देवळाला कमान दिली. विपुलच्या वडिलांचा तुकडा रस्त्यात गेला. त्यावरून आता कंटेनर जातात आणि त्यांतल्या एकालाही आपण कुणाच्या शेतातून चाललोय याची कल्पना नसते.

गोदामात तो परतीच्या मालाच्या विभागात आहे. लोक वस्तू मागवतात, चार दिवस वापरतात आणि 'खराब निघाली' असं लिहून परत पाठवतात. ती खरोखर खराब आहे का हे तपासणं हे विपुलचं काम. दहातल्या आठ चांगल्या असतात. लोक इतकं सरळ खोटं बोलतात हे त्याला बारा वर्षं रोज कळत आलं आहे आणि त्याचा त्याच्या स्वभावावर काडीचाही परिणाम झालेला नाही. गावातल्या माणसांवर त्याचा विश्वास आहे.

एकोणचाळीस वर्षांच्या या माणसाला एकच नाद. जुने डिस्कवाले गेम. वीस वर्षांपूर्वी गावात मोरूचं गेम पार्लर होतं. दोन टीव्ही, दोन प्लेस्टेशन, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात ऐकू यावा म्हणून फुल सोडलेला आवाज. मोरूने ते बंद केलं तेव्हा दीडशे डिस्क विपुलने घरी आणल्या. सगळ्या नकली, बाजारातून कॉपी मारलेल्या, वर मार्करने नाव लिहिलेलं. आता विपुल त्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवून घेतो आणि एम्युलेटरवर खेळतो. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग नव्या यंत्राकडून वठवून घेणारा प्रोग्राम. सोंग इतकं बेमालूम की सुरुवातीची ती घुमणारी धून वाजली की विपुल खुर्चीत सरळ होऊन बसतो, देवळात आरती लागल्यासारखा.

यांतली एक डिस्क मात्र साऱ्या दुनियेत एकच होती. ती क्रिकेटची. मोरूने तिच्यात कसलीशी करामत करून खेळाडूंची नावं बदलली होती आणि गावाची टेनिस क्रिकेटची टीम आत घातली होती. खऱ्या टीममध्ये विपुल कधीच नव्हता. तो बारावा. बारावा म्हणजे स्टंप वाहणारा, धावा लिहिणारा आणि झुडपातला बॉल शोधणारा. पण मोरू डिस्क तयार करत होता त्या आठवड्यात हितेशचं आणि त्याचं भांडण झालं, हितेशचं नाव उडालं आणि जागा भरायची म्हणून विपुल आला. तोही सलामीला. कॅप्टन प्रितेशच्या जोडीला.

पार्लरचा नियम साधा होता. ज्याचं नाव, त्याच्या हातात पॅड, म्हणजे खेळायचा बटणांचा कंट्रोलर. पडद्यावर प्रितेश खेळत असेल तर पॅड प्रितेशच्या हातात. तो आऊट झाला की पॅड पुढच्याला. तीन वर्षं विपुल रोज सलामीला आला आणि रोज दुसऱ्या-तिसऱ्या बॉलला आऊट होऊन पॅड पुढे देत राहिला. आपला हात मंद आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. घरी जाऊन तो भिंतीकडे बघत अंगठे हलवायचा. हात काही सुधारला नाही. पण गावाकडून आपण सलामीला खेळलो, ही गोष्ट खरी होती, आणि तिचा पुरावा डिस्कवर होता.

गणपतीच्या साफसफाईत तो पुरावा गेला.

"माझा खोका कुठंय?" त्याने बायकोला विचारलं.

"बाबांकडं," भावना म्हणाली. "भातावर पाखरं बसतात ना. दोऱ्याला बांधून टांगल्या की चमकतात, पाखरं पळतात. तुमच्या डिस्का तिकडं कामाला लागल्या. घरात लागत नव्हत्या."

हे सगळं विपुलला ऑक्टोबरात कळलं, कारण ऑक्टोबरात प्रितेशचा फोन आला. प्रितेश आता प्रितेशभाऊ होता. चार गोदामं त्याच्या नावावर आणि वाढदिवसाला नाक्यानाक्यावर त्याचा फोटो. बारा वर्षांत त्याने विपुलला पहिल्यांदाच फोन केला.

"विपुल, आपल्या टूर्नामेंटला पंचवीस वर्षं होतात. मोठा स्क्रीन लावतोय. मोरू बोलला ती गाव टीमची डिस्क तुझ्याकडं हाय. उद्घाटनाला तीच लावू. जुनी पोरं सगळी येतील."

"हाय ना भाऊ," विपुल म्हणाला आणि फोन ठेवून खोका शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो अंबाडी नाक्याच्या पुढे सासऱ्याच्या शेतावर गेला. दीडशे डिस्क काठ्यांना, दोऱ्यांना लटकून उन्हात गिरक्या घेत होत्या. सासरा लडकू बांधावर बसला होता.

"जावई, आज कसं येणं केलं?"

"मामा, यांतली एक डिस्क न्यायची हाय."

"पीक उभं हाय. कापनी झाली का सगल्या ने."

"एकच पायजे मामा."

"एक काढली का तिथं भोक पडतं. पाखरू येडं न्हाय, त्याला बरोबर कळतं."

बरीच घासाघीस झाल्यावर लडकू बदलीवर तयार झाला. एक ने, एक दे. विपुल परत भिवंडीजवळच्या आपल्या गावी आला आणि घरात उरलेली एकमेव डिस्क घेऊन गेला. ती त्यांच्या लग्नाच्या व्हिडिओची होती. भावनाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "चला, कायतरी उपयोग झाला त्या लग्नाचा."

दुपारभर बांधाबांधाने फिरून त्याने गाव टीमची डिस्क ओळखली. मार्कर उडाला होता, फक्त 'गाव' एवढंच उरलं होतं. दीड महिन्याचं ऊन-पाऊस आणि वर पाखरांची विष्ठा. पाखरं भीत होती, हे लडकूचं म्हणणं डिस्ककडे पाहून पटण्यासारखं नव्हतं.

मग विपुलने ती धुतली, सुती कपड्याने मधून बाहेर, मधून बाहेर असं टूथपेस्ट लावून घासली, आणि सगळ्यात कमी वेगावर कॉम्प्युटरला वाचायला दिली. तीन दिवस ड्राइव्ह कण्हत होता. पहिल्यांदा चाळीस टक्क्यांवर अडकला, मग सत्तरवर. प्रत्येक वेळी विपुलने डिस्क काढून पुन्हा घासली. भावना म्हणाली, एवढं दात घासले असते तर दाढ काढायला लागली नसती. चौथ्या दिवशी डिस्क पूर्ण उतरली.

त्याने गेम लावला. जुन्या टीव्हीवर हिरवा डाग दिसायचा तिथे आता गवताची पाती दिसली. चेहरे स्वच्छ झाले, तेव्हा अकराही जणांना एकच चेहरा आहे हे कळलं. प्रेक्षक पुठ्ठ्याचे होते. वीस वर्षांपूर्वी आपण पुठ्ठ्यासमोर खेळत होतो, याने विपुलचं काही बिघडलं नाही. तो इतका खूश होता की त्याने भावनाला स्वयंपाकघरातून ओढून आणलं आणि पडद्यावरचं नाव दाखवलं.

"बघ. ओपनर."

"आणि पुढचं गिचमिड काय हाय?"

डिस्क खराब झाल्यामुळे तीन खेळाडूंच्या नावांच्या जागी वाकडीतिकडी चिन्हं आली होती. ती दुरुस्त करायची तर गेमच्या पोटातली खेळाडूंची यादी उघडायला हवी. पार्लरच्या टीव्हीवर ती कधी दिसायची नाही. विपुलने एका प्रोग्रामने ती उघडली. प्रत्येक नावापुढे आकडा होता, फलंदाजीचा, नव्याण्णवपैकी. प्रितेश, एक्क्याण्णव. पुढचा पंच्याऐंशी. शेवटचा बॉलर, ज्याला खऱ्या मैदानातही बॅट कुठून धरायची हे माहीत नव्हतं, तो साठ.

विपुल, चार.

परतीच्या विभागातल्या माणसाने करावं तेच त्याने केलं. पुन्हा तपासलं. मग मोरूला फोन लावला. मोरूचं आता अंबाडी नाक्यावर झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे.

"मोरूदा, यादीत माझा आकडा चारच दिसतोय."

"मग बरोबर हाय," मोरू म्हणाला. मागे झेरॉक्सचं मशीन चालू होतं. "शून्य घेत नव्हता तो गेम. लई ट्राय केलेला."

"मुद्दाम टाकलास?"

"प्रितेशभाऊ बोलला. त्याला ओपनिंगला टाक न् लवकर उडव, आमचा नंबर लागू दे."

"बाकीच्यांना माहीत होतं?"

"आरं, तुझ्यावर शर्यत लागायची. दुसऱ्या बॉलला का तिसऱ्या. हरेल त्याने चहा पाजायचा. तूपण प्यायचास की तो चहा."

विपुलने पडद्यावरचा चार पुन्हा वाचला.

"हॅलो? दोन्ही बाजूंनी मारू का? तुला न्हाय, गिऱ्हाईकाला बोलतोय. हां, बोल."

"मला कोणी सांगितलं न्हाय."

"सांगितलं असतं तर तू आला असतास का?" मोरूने अगदी प्रामाणिकपणे विचारलं. "राग नको मानूस. तू होतास म्हणून मजा होती."

विपुल सज्जन माणूस असल्याने त्याला सुडाची कल्पना सुचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्याने यादी उघडली. तीन नावं नीट केली. आपल्यापुढचा चार पुसून नव्याण्णव केला, प्रितेशपुढचा एक्क्याण्णव पुसून चार केला. मग खेळून पाहिलं. बॅट नुसती लावली तरी बॉल मैदानाबाहेर जात होता. म्हणजे हात मंद नव्हता. हात कधीच मंद नव्हता. एवढ्यासाठी भिंतीकडे बघत हलवलेल्या अंगठ्यांची त्याला आता जरा कीव आली. महिनाभर तो ड्युटीवरून आला की सलामीला जायचा आणि नाबाद परत यायचा.

टूर्नामेंटच्या रविवारी दुपारी चारला मांडव भरला. जुनी टीम पुढच्या रांगेत खुर्च्यांवर, बहुतेकांची पोटं मांडीवर. विपुलने भावनाला नवी साडी नेसायला लावून आणलं होतं आणि दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. माइक भाविकच्या हातात होता. बावीस वर्षांचा, गावात कुठल्याही कार्यक्रमाला बोलायला तोच. आधी मोरूचा सत्कार झाला, डिस्क बनवल्याबद्दल, शाल आणि नारळ. मग मोठ्या पडद्यावर गेम सुरू झाला आणि नावं झळकली. सलामीला विपुल आणि प्रितेश.

विपुलने टेबलावरचा पॅड उचलला. प्रितेशभाऊ व्यासपीठावरून खाली आला आणि हात पुढे केला.

"दे."

"भाऊ, पहिला बॉल माझ्यावर हाय. ज्याचं नाव, त्याचा पॅड."

"आरं, तू कॉम्प्युटर बघ ना. हँग झाला तर कोण बघेल?" प्रितेशने पॅड घेतला. तो नियम मोडतोय असं काही त्याच्या मनात नव्हतं. असा काही नियम होता हे तो केव्हाच विसरला होता.

पहिल्याच बॉलला पडद्यावरच्या विपुलने षटकार मारला.

"काय मारलाय भाऊंनी," भाविक माइकवर म्हणाला. मांडवात शिट्ट्या वाजल्या. दुसरा षटकार, तिसरा. प्रितेशला बटणं धड आठवत नव्हती. तो एकच बटण दाबत होता आणि बॉल मैदानाबाहेर जात होता. पाचव्या बॉलवर चुकून एक धाव निघाली, समोर प्रितेश नावाचा खेळाडू आला आणि त्रिफळा उडाला. हाच तो क्षण. विपुल महिनाभर याचीच वाट पाहत होता. त्याने मांडवाकडे पाहिलं.

मांडव हसला. प्रितेशभाऊ सगळ्यांत जास्त हसला. "मोरू, माझाच आकडा कमी टाकलास काय रं?"

मोरूने शाल सावरत विपुलकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. "डिस्क खराब झालेली भाऊ," तो म्हणाला. "भातावर टांगलेली याने."

मांडव पुन्हा हसला, या वेळी जास्त. आऊट झाल्यावर पॅड पुढच्याला द्यायचा, तोही प्रितेशच्या हातातच राहिला. पडद्यावरचा विपुल मारत होता. अर्धशतक झालं. "भाऊंचे पन्नास," भाविक ओरडला. मग शंभर झाले. भाऊंचे शंभर. मागच्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं, "पण हा विपुल कोण दाखवतोय?"

भाविकने पडदा वाचला. "कंपनीचं असेल," तो म्हणाला. "आधीपासून टाकलेलं."

विपुल त्याच्यापासून दोन हातांवर वायर धरून उभा होता. दुसऱ्या रांगेतून भावना उठून जवळ आली. "अवो, तुमची बारी कधी?"

"झाली," विपुल म्हणाला.

सामने सुरू झाले, तेव्हा वायरी गुंडाळणाऱ्या विपुलच्या पाठीवर प्रितेशभाऊने थाप मारली. "मस्त झालं. फायनलला पुन्हा लावू. फक्त ती जुनी नावं काढ, आताची टीम टाक. आता कोण ओळखतं आम्हाला? भाविक यादी देईल."

भाविकने सोमवारी जेवणाच्या सुट्टीत फोन केला. विपुल कॉम्प्युटर ड्युटीवर घेऊन आला होता. परतीच्या खोक्यांमध्ये जागा करून त्याने यादी उघडली.

"ओपनिंगला जीवन टाक," भाविक म्हणाला. "भाऊचा पुतण्या. न् भाऊ बोलले त्याचा आकडा चांगला ठेव."

"किती ठेवू?"

"काल ज्याने शंभर मारले त्याचा जेवढा व्हता, तेवढा."

विपुलने पहिल्या ओळीतलं आपलं नाव एकेक अक्षर करत पुसलं आणि तिथे जीवन लिहिलं. आकडा तसाच ठेवायचा होता.

"दुसरा कोण?" त्याने विचारलं.