तात्यांची लालडी

लालडीच्या खऱ्या खड्याला मी चारचौघांत काच म्हणालो. झालं, सांगून टाकलं. सोळा वर्षांत हे कोणापुढे बोललेलो नाही — वहिनींपुढे नाही, आणि ज्यांच्यापुढे बोलायला हवं होतं त्या त्यांच्या वडिलांपुढे, तात्यांपुढे, तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही आमच्या घरी जेवायला येत नाही, म्हणून असेल.

तेव्हा मी आनंदनगरच्या एका कारखान्यात तपासणीला होतो. दिवसभर सुटे भाग मापायचे आणि बिघडलेल्यावर लाल रंग फासायचा. माणसाला याची चटक लागते हो — नापास करण्याची. त्यात दर रविवारी उल्हासनगरात एका म्हाताऱ्या सिंधी व्यापाऱ्याकडे खडे ओळखायला शिकायचो. सगळे त्यांना साईं म्हणत. चार रविवार झाले होते. चार! दोन काळसर काचांच्या मधे खडा धरून फिरवायचा — माणिक असेल तर उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं. काचेचा खडा काळोखाच राहतो. एवढीच माझी विद्या. पाचव्या रविवारी पुतणीचं बारसं, म्हणून दांडी मारली. त्या दोन काचा मात्र खिशात होत्या.

जेवणं उरकली आणि मी दुकान मांडलं. बायका अंगठ्या काढून देत होत्या, मी निकाल लावत होतो. वहिनींनी कौतुकानं स्वतःची पुढे केली. बदलापूरकडे शेती करणाऱ्या तात्यांनी आपल्या आईच्या नथीतलं माणिक काढून लेकीच्या लग्नात ती घडवली होती. कोकमाचं सरबत उन्हात धरावं तसा रंग. मी खडा फिरवला. काळोख. पुन्हा फिरवला. काळोखच. "काच आहे, वहिनी," मी म्हणालो — आणि वर हसलो. हसलो, तेही लिहायला हवं. तात्या समोरच बसले होते. हातातला विडा त्यांनी परत तबकात ठेवला.

वहिनींनी अंगठी पुन्हा घातली नाही. माझ्या आईला मात्र कायमचं हत्यार मिळालं — "काच देऊन मुलगी उजवली!" तात्या घरात यायचे थांबले. आलेच तर बाहेर गॅलरीत बसायचे, नातीला बघायचे, निघायचे.

महिन्याभरानं वहिनींनी अंगठी माझ्याकडे दिली — भावजी, खडा काढून टाका, सोनं लेकीच्या कामी येईल. मी साईंकडे नेली. ते भिंगातून बराच वेळ बघत राहिले. "लालडी है. असली, पुरानी. ऐसा रंग आजकल मिलता किधर है?" लालडी माणकासारखीच दिसते, म्हणून कित्येक घरांत ती माणिक म्हणूनच नांदते. आणि हो — खरी असली तरी त्या दोन काचांमधे ती काळोखीच राहते. हे त्यांनी पाचव्या रविवारी शिकवलं होतं. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. खड्याच्या आत इवल्या, कोरल्यासारख्या स्फटिकांची रांग होती. इतकं देखणं मी काही पाहिलं नव्हतं.

मग घरी येऊन सांगितलं का? छे. अंगठी परत दिली आणि म्हणालो, खडा घट्ट बसलाय, राहू दे. राहू दे! तेव्हा सगळं घर मला पारखी म्हणायला लागलं होतं — तेवढ्यासाठी. आई वहिनींना टोमणा मारायची तेव्हा मी तिथेच असायचो, भजी खात. एका वाक्याचं काम होतं. सोळा वर्षं ते वाक्य मी भज्यांबरोबर गिळलं.

गेल्या महिन्यात पुतणी दहावी झाली. तात्या तिच्यासाठी कुड्या घेऊन आले, लाल खड्यांच्या. आत आलेच नाहीत. मला गॅलरीत बोलावलं, डबी उघडून माझ्या नाकासमोर धरली.

"सुधीरराव, काय खोट काढायची ती इथंच काढा," ते म्हणाले. "पोरीसमोर तोंड उघडू नका."