चांगल्या दिवसांचा अहवाल

तांडेलबाई बोलणं ऐकताना डोळे मिटून घेत. मीटिंगमध्ये मॅनेजरसाहेबांना वाटे, झोपल्या. पण त्या शब्द न् शब्द तोलत असत. सातपाटीच्या तांडेलांच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्या कोळ्यांच्या, घरातल्या या बाई बोईसरच्या आमच्या रसायन कारखान्यात नियंत्रण विभागाच्या प्रमुख होत्या, आणि मी त्यांच्या हाताखालचा इंजिनिअर.

सकाळी संगणक उघडण्याआधी त्या रिअॅक्टरवर, म्हणजे रसायन शिजवण्याच्या टाकीवर, काम करणाऱ्या बाळूला विचारत, "आज कसा हाय रे तो?"

"जरा आळसावलाय, बाई."

ते वहीत जायचं. "यंत्र रोज बदलतं," त्या मला सांगत. "काल ओळखलं म्हणून आज गृहीत धरू नको."

किती वाफ सोडली की तापमान किती चढतं, हे चालू रिअॅक्टरकडून सतत शिकत राहून वाफ सोडणाऱ्या दोन गणिती पद्धती आम्ही ताडून पाहत होतो. एक झटपट शिकायची आणि जुनं विसरायची, दुसरी संथ. सुरळीत दिवसांत झटपटवाली जिंकली. साहेब खूश. मग बाईंनी रिअॅक्टरमध्ये नुसतं पाणी भरून चाचणी लावली आणि तापमापकावर मुद्दाम राळ थापली. तापमान कमी दिसू लागलं. झटपटवालीनं ते खोटंही तितक्याच झटपट खरं मानलं आणि वाफ वाढवत नेली.

"शांत पाण्यात कुनीपन तांडेल," बाई म्हणाल्या.

साहेबांनी त्या चाचणीची पानं अहवालातून काढायला सांगितली. बाईंनी सही केली नाही. "तू तरी करू नको रे," एवढंच मला म्हणाल्या. माझी बढती जवळ आली होती. मी केली, आणि झटपटवाली रिअॅक्टरवर कायमची बसली.

पावसाळ्यानंतर तापमापकावर खरोखरच राळ साचली. वाफ वाढत गेली, रिअॅक्टरमधलं रसायन उकळून वर आलं आणि बाळूचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

चौकशीत बाईंनी ती पानं पुढे केली. साहेब म्हणाले, "ही कुठल्याच अहवालात नाहीत." मग चौकशी करणाऱ्यांनी मला विचारलं, तापमापकाची सफाई कुणाकडे? "तांडेलबाईंकडे," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. पानांबद्दल मी तोंड उघडलं नाही. आठवड्याभरात बाईंचा राजीनामा घेतला गेला. त्यांच्या खुर्चीवर मी बसलो.

मागच्या महिन्यात सातपाटीला गेलो. बाई आता तिथल्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतात. माफीची वाक्यं मी पाठ करून गेलो होतो. त्यांनी बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला, आणि विचारलं, "बाळूची मूठ वळते का रे आता?"

बाळू रोज माझ्या केबिनसमोर स्टोअरच्या खिडकीत बसतो. मी कधी त्याच्या हाताकडे पाहिलंच नव्हतं.