चिकूच्या आळ्यातला मणका

फेब्रुवारीतली सकाळ. धुकं एवढं की रानशेतच्या वाडीतले चिकू नुसत्या खोडापुरतेच दिसत होते. चिंचणीहून पहिल्या टेम्पोनं आलेल्या विठाबाईनं माशांची टोपली कुंपणाशी उतरवली, पदर खोचला आणि कुदळ मागितली.

"आधी झाड बघते, तात्या. मग धंदा."

वाडीचे मालक तात्या नाकाला उपरणं लावून उभे. दुसऱ्या हातात करवत. "होळी आली गो विठाबाई. होळीपर्यंतची मुदत तूच मागितलेली."

माशांची मुंडकी, आतडी, खवले किनाऱ्यावर सडत टाकण्यापेक्षा विठाबाई ती पालापाचोळा, शेण आणि भाताच्या तुसात थर लावून मुरवायची. चिंचणीच्या बायका हसायच्या, "विठा माशांचं लोणचं घालते!" २०१५च्या थंडीत त्या खताच्या चार पाट्या तिनं तात्यांच्या विहिरीकाठच्या चिकूला घातल्या. पानं कडेनं करपली, शेंडा वाळला. खारवलेल्या मासळीचा कचराही तिनं त्यातच ढकलला होता. जन्मभर मिठात हात असलेल्या बाईला मीठ दिसलंच नव्हतं.

तात्या तेव्हाच झाड पाडायला निघाले. तिनं हात धरला. "माझ्या हातनं मेलं असं नको व्हायला. दोन पावसाळे द्या, त्यापुढच्या होळीपर्यंत. खार धुऊन जाईल."

तेव्हापासून ती कचरा गोड्या पाण्यात तीनदा धुई आणि शेवटच्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवी. खारट लागलं की पुन्हा धुणं. सून भाविका तोंड फिरवी. "आई, शी!"

"शी काय? झाडाला जीभ नाय, म्हणून माझी."

नवं खत दसऱ्याला आळ्यात पडलं होतं. आज तिनं कुदळीचे दोनच घाव घातले, मग बोटांनीच माती उकरू लागली. मासळीचा वास कुठेच नाही. ओल्या रानाचा वास. आणि एकाएकी तिचा हात थबकला.

केसाहून बारीक पांढरी मुळं खालून वर, खतात चढली होती. एका मोठ्या मणक्याला त्यांनी वेढा घातला होता. मणक्याच्या भोकातूनही एक मूळ आरपार गेलं होतं, सुईत दोरा ओवावा तसं.

तात्यांनी नाकावरचं उपरणं काढलं. गुडघे टेकले.

"कसला गो मणका?"

"घोळ माशाचा."

"कुठला दर्या, कुठलं रानशेत... आणि या झाडाला कोणी सांगितलं, खाणं वर आहे म्हणून?"

 विठाबाईनं सुटा पडलेला एक काटा चिमटीत धरला. त्याचा भुगा झाला. तात्यांनी खोडाशी डोळे नेले. वाळक्या शेंड्याच्या खूप खाली, खोडाच्या सालीतून गव्हाच्या दाण्याएवढे तांबूस कोंब फुटले होते.

 मग तात्यांनी करवत रहाटाच्या खांबाला अडकवली आणि दोन्ही हातांनी मुळांवर माती लोटली, हळूहळू.

"विठाबाय! बोंबील देतेस की जाऊ?" कुंपणापलीकडून शेजारच्या हिराबाईची हाक आली.

"आले, आले! बोंबील काय पळत नाय!"

विठाबाईनं विहिरीवर हात धुतले, सवयीनं बोट जिभेला लावलं आणि बोंबलांची मुंडकी उडवायला बसली. मुंडकी वेगळ्या डब्यात.