गाव उजव्या हाताला

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या गावात बघण्यासारखं काय आहे?" मागून तुमची आई हळूच म्हणाली की फारसं काही नाही, आपण शिकागोलाच जास्त राहू. ते मला ऐकू आलं. माझे कान अजून शाबूत आहेत. या उन्हाळ्यात तुम्ही पुण्याहून पहिल्यांदाच येणार, तेव्हा उत्तर नीट लिहूनच पाठवावं असं ठरवलं. लिहायला बसले आणि लक्षात आलं की या गावाबद्दल मला जे काही माहीत आहे, ते बहुतेक एकाच माणसाने दाखवलेलं आहे. म्हणून आधी तो माणूस, मग गाव.

"दुखणार नाही," असं म्हणून ते गाडीचं दार उघडून धरायचे.

ते दातांचे डॉक्टर. मूळचे नागपूरचे, आमच्याच गल्लीत चार घरं पलीकडे राहणारे. गावातले लोक त्यांना 'डॉक' म्हणत आणि आम्ही मूठभर मराठी मंडळी नुसतंच 'डॉक्टर'. खुर्चीत बसलेल्या माणसाला धीर द्यायचं ते वाक्य निवृत्त झाल्यावरही त्यांच्या तोंडातून गेलं नाही. कारल्याची भाजी वाढताना दुखणार नाही, मंडळाच्या नाटकाला आग्रहाने नेताना दुखणार नाही. नाटकाच्या वेळी ते खोटं ठरलं, पण ते असो.

गावात नवा मराठी माणूस आला, मग तो कॉलेजात शिकणारा असो की कोणाचे भारतातून आलेले सासूसासरे, की शनिवारी सकाळी डॉक्टरांची लांबलचक रुपेरी गाडी दारात हजर. या फेरीला ते टूर म्हणत नसत. 'प्रदक्षिणा' म्हणत. गावाच्या मधोमध न्यायालयाची जुनी इमारत आहे, हिरव्या तांब्याच्या घुमटाची. तो त्यांचा देव. बाकी गाव त्याच्याभोवती. आणि नियम एकच: गाडी फक्त उजवीकडे वळणार.

"वहिनी, इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून जातात," त्यांनी मला पहिल्या फेरीतच समजावलं होतं. "उजवीकडे वळत राहिलं की गाव आपोआप उजव्या हाताला राहतं. या लोकांना कल्पना नाही, पण यांनी रस्ते प्रदक्षिणेसाठीच बांधलेत."

"आणि डावीकडे काही बघायचं असेल तर?"

"ते फिरून उजवीकडे येतं. थोडा धीर धरायचा."

खरं कारण धर्माचं नव्हतं. सगळा जन्म दुसऱ्याच्या तोंडात वाकून बघण्यात गेल्यामुळे त्यांची मान डावीकडे वळेनाशी झाली होती. डावीकडून कोणी हाक मारली तर ते सगळेच्या सगळे वळायचे, एखाद्या कपाटासारखे. हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नसे, कारण प्रदक्षिणेची गोष्ट जास्त चांगली होती.

पहिला थांबा नदीवरचं धरण. हिवाळ्यात सगळी नदी गोठते, पण धरणाखालचं पाणी वाहतं राहतं आणि तिथे मासे पकडायला मोठे पांढऱ्या डोक्याचे गरुड येतात. उघड्या झाडांवर ते न्यायाधीशांसारखे बसलेले असतात. कडाक्याच्या थंडीत डॉक्टर थर्मासमधला चहा ओतत म्हणायचे, "बघा किती निवांत आहेत. दात नाहीत ना."

मग बटणांचं संग्रहालय. एके काळी या नदीतल्या शिंपल्यांपासून इथे शर्टाची बटणं बनत. काचेच्या पेटीत गोल गोल भोकं पडलेले शिंपले मांडून ठेवले आहेत. मार्गदर्शक बाई इंग्रजीत बरंच काही सांगतात. डॉक्टर ते सगळं ऐकून घ्यायचे आणि पाहुण्यांना एका वाक्यात सांगायचे: "मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडल्या की मागे उरतं, ते हे." पाहुण्या बायकांना त्यापुढे काही विचारायचं राहत नसे.

रस्त्यात भेटणाऱ्या माणसांची नावं त्यांच्या लक्षात नसत. दात असत. टपाल कचेरीतले गृहस्थ म्हणजे 'अक्कलदाढ, खालची', आणि महापौर म्हणजे 'फार रडले होते'. हे ते मराठीत सांगायचे आणि महापौर समोरून हसून हात करायचे.

शेवटचा थांबा नदीकाठच्या बागेतला मेरी-गो-राउंड. लाकडी, हाताने कोरलेले घोडे, आणि त्यांच्यात का कोण जाणे, एक बोकड. पोरं त्या बोकडासाठी भांडतात. डॉक्टर प्रत्येक पाहुण्याला त्यावर बसवायचे, स्वतः मात्र कठड्याबाहेर उभे. कारण इथले घोडे डावीकडे फिरतात. "उलटी प्रदक्षिणा मी घालत नाही," ते म्हणायचे. "तुम्ही बसा. पाप माझ्या नावावर."

असं बरीच वर्षं चाललं. मग त्यांचं लायसन्स नवं करायची वेळ आली आणि त्या वयात कचेरीतल्या माणसाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवावी लागणार होती. त्यांची मुलगी लांब पूर्व किनाऱ्याकडे, वेस्ट विंडसरला असते. तिने आधीच सांगून टाकलं होतं की परीक्षा पास झालात तर तिथेच राहा, नाहीतर माझ्याकडे यायचं. इथे बस नाही, बर्फ एवढा पडतो, आणि ते घरात एकटेच. तिचं चुकत नव्हतं. मला फोन करून म्हणाली, "काकू, तुम्ही तरी बाबांना रिझनेबल व्हायला सांगा ना. इथे सगळं वॉकिंग डिस्टन्सवर आहे. आणि प्लीज, तो प्रदक्षिणेचा जोक मला सांगू नका, मी लहानपणापासून ऐकतेय."

मी डॉक्टरांना समजावायच्या ऐवजी शिकवायला घेतलं. रविवारी दुपारी चर्चमागचं मोकळं पार्किंग गाठायचं आणि डावीकडे वळायचा सराव करायचा. मी शिस्तीची बाई. घरून प्लास्टिकच्या बादल्या नेऊन कोपरे मांडले. त्यांनी पहिल्याच फेरीत दोन चिरडल्या.

"डावीकडे बघा, डॉक्टर."

"बघतोय."

"तुम्ही समोर बघताय."

"मनाने डावीकडे बघतोय, वहिनी."

मी हसले. तेही हसले, आणि मग त्यांनी गाडी थांबवली. "तिच्याकडे गेलो तर मी कोणाला काय दाखवणार?" ते म्हणाले. "तिथे मीच पाहुणा." मी उतरून उरलेल्या बादल्या पुन्हा मांडल्या.

परीक्षेच्या दिवशी मी कचेरीतल्या बाकावर बसून राहिले होते. पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. शेजारी बसायला आलेल्या परीक्षक बाई त्यांच्या जुन्या पेशंट. नाव अर्थातच आठवेना, पण वरचे पुढचे दोन दात लगेच ओळखू आले. पट्टा लावताना त्यांनी बाईंना सवयीने सांगितलं की दुखणार नाही. त्या हसल्या. धरणापर्यंत सगळं छान झालं. परतताना न्यायालयाच्या कोपऱ्यावर सिग्नलला बाई म्हणाल्या, इथून डावीकडे घ्या, डॉक.

डॉक्टर थांबले. हिरवा गेला, लाल आला, पुन्हा हिरवा झाला. मागे गाड्यांची रांग लागली, पण या गावात कोणी हॉर्न वाजवत नाही. मग ते सरळ पुढे गेले. न्यायालय संपल्यावर उजवीकडे वळले, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि त्या देवाला अख्खी प्रदक्षिणा घालून बरोबर त्याच रस्त्याला लागले जिथे बाईंना जायचं होतं. वेग नेमका, सिग्नल वेळेवर, एकही चूक नाही.

बाई म्हणाल्या की इतकी सुंदर गाडी आज कोणी चालवली नव्हती, पण मी डावीकडे वळायला सांगितलं होतं. आणि त्यांनी नापास केलं. करायलाच हवं होतं. कागदावर सही करताना त्यांचे डोळे भरून आले, तर यांनीच विचारलं, "दुखलं नाही ना?"

घरी येताना गाडी मी चालवली. सवयीप्रमाणे मी डावीकडे वळले, तेव्हा डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होते.

मुलगी न्यायला आली त्या शनिवारी डॉक्टरांनी तिला प्रदक्षिणेला चल म्हटलं. ती म्हणाली, "बाबा, मी इथेच वाढलेय." तरी आली. गाडी मी चालवत होते, फक्त उजवीकडे वळत. डॉक्टर शेजारी बसून सगळं सांगत होते: गरुड, पुऱ्या, अक्कलदाढ. मागच्या सीटवर ती आधी फोनमध्ये होती. बटणांच्या संग्रहालयापर्यंत फोन पर्समध्ये गेला. बागेत पोहोचलो तेव्हा तीच म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी बसलाच नाहीत ना यावर?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कठड्याचं दार उघडून आत गेले आणि बोकडावर बसले. वाट बघत असलेल्या एका छोट्या मुलीने तोंड वाकडं केलं. घोडे सुटले, डावीकडे. डॉक्टर एकदा समोरून गेले, ताठ मानेने, दांडा घट्ट धरून. दुसऱ्यांदा आले तेव्हा एक हात सुटला होता. मग प्रत्येक फेरीला तो हात आमच्या दिशेने हलत राहिला. उतरल्यावर कोट झटकत ते मुलीला म्हणाले, "एवढं काही दुखलं नाही."

आता ते वेस्ट विंडसरला असतात. घराजवळच्या तळ्याभोवती रोज फिरतात, तळं उजव्या हाताला ठेवून. तिथल्या इतर आजोबांनाही त्यांनी त्याच दिशेला लावलं आहे, असं मुलगी सांगते. थंडी पडली की मला फोन करून गरुड आले का विचारतात. त्यांचं घर विकलं गेलं, तिथे आता एक तरुण जोडपं राहतं.

तेव्हा बघण्यासारखं काय आहे, त्याचं हे उत्तर. धरण आहे. भोकं पडलेले शिंपले आहेत. न्यायालयाचा घुमट आहे, बोकड आहे आणि त्याच्यासाठी भांडणारी पोरंही आहेत. जाताना त्यांनी माझ्याकडे सोडलेली रुपेरी गाडी माझ्या गॅरेजमध्ये आहे, आणि ती चालते.