गोमूत्र शिंपडलेली बाटली

माझ्या रक्तावर पाटलाच्या आईनं गोमूत्र शिंपडलं. माझ्यादेखत. बाटली अजून कोमट होती, माझ्या दंडाला कापूस दाबलेला होता. गोमूत्राचा तांब्या म्हातारीनं घरूनच आणला होता. म्हणजे रक्त कोणाचं घ्यावं लागणार, हे तिला आधीच ठाऊक होतं.

पाटलाची सून बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं घरच्यांचं रक्त मागितलं. एका लेकाला घेरी आली, दुसऱ्याला गावातली कामं आठवली. मग देवळाच्या घाटापल्याड आमच्या महारवाड्यात पाटलाची बैलगाडी आली. एरवी ती तिकडे वळतसुद्धा नसे. धडधाकट दिसतील त्यांना गाडीत घातलं. डॉक्टरनं काचेवर थेंब मिसळून पाहिले. माझं जुळलं.

डॉक्टरनं मला विचारलं, ताप येतो का. मी तोंड उघडलं. एक दिवसाआड हुडहुडी भरून मी तापत होते, आमच्या घरोघर हेच चाललं होतं. पण वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालत असला, तरी आमचं सरकार म्हणजे पाटील. तो समोर असला की आमचं उत्तर त्यानंच द्यायचं, अशी रीतच होती.

पाटील म्हणाला, "याइले काय होते? दगडं हायत हे."

डॉक्टरनं मान डोलावली. मी तोंड मिटलं. रक्त द्यायला माझी ना नव्हती. ती पोर माझ्याच वयाची होती.

सून वाचली. पण पंधरवड्यात थंडी वाजून तापली. डॉक्टरनं सांगितलं, हिवताप आहे, दिलेल्या रक्तातून आला. साचलेल्या पाण्यावर डास होतात, ते चावले की हा ताप माणसाच्या रक्तात शिरतो. पाटलानं यातलं सोयीचं तेवढं ऐकलं आणि मला चावडीवर बोलावलं.

"महारनीचं रक्त. नासकंच निंघन," म्हातारी म्हणाली.

पाटलानं फर्मावलं, चावडीपुढं नाक घास आणि सगळ्यांदेखत म्हण, मी सुनेच्या जिवावर उठले होते.

माझी सासू गोधडी पांघरून मागं उभी होती. तीही तापलेली. "घास वं माय. नाक काय झिजते?" ती म्हणाली.

माझा त्या दिवशी तापाचा फेरा होता. अंगाला काप सुटलेला. आणि एकाएकी मला तो खड्डा आठवला. पाटलाच्या वीटभट्टीसाठी आमच्या घरांना लागून खणलेला, बारमाही पाणी साचलेला. बुजवा म्हटलं तेव्हा पाटील म्हणाला होता, माती भिजवायला पाणी लागतं.

दात वाजत होते, तरी बोलले. "पाटील, मले ताप येत नाही, हे दवाखान्यात तुमीच सांगतलं. हा ताप तुमच्या खड्ड्यातला हाय. आमच्या आंगातून तुमच्या घरी गेला. नाक कोनं घासाचं?"

पाटलाच्या गड्याची काठी पाठीत बसली. मी पडले ती हातांवर. नाक जमिनीला लागू दिलं नाही.

सुनेला क्विनाईन मिळालं, ती बरी झाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या सासूला क्विनाईन मिळालं नाही. कपाशी फुटायच्या आत ती गेली.

वेचणीला बोलवायला गडी आला, तेव्हा आम्ही बायांनी कापूस वेचायच्या ओट्या कमरेला बांधल्या. पण वावराकडे गेलो नाही. भट्टीवर वाळत घातलेल्या पाटलाच्या कच्च्या विटा ओटीत घेतल्या आणि खड्ड्यात टाकायला लागलो. गडी ओरडत राहिला. मी त्याला सांगितलं, "पाटलाले सांग, पयले खड्डा बुजन, मंग कापूस."

रात्री मारायला माणसं येतील, हे आम्हाला ठाऊक आहे. येऊ देत. विटा अजून उरल्या आहेत. उद्या कोणी रक्त मागायला आलं तर मी देईनही. पण डॉक्टर विचारेल तेव्हा पाटील दाराबाहेर उभा राहील.