न पाहिलेला उतारा

बारावीला इंग्रजीत मी तीन वेळा नापास झाले, आणि त्यात माझी काहीही चूक नव्हती.

चूक होती उताऱ्याची. इंग्रजीच्या पेपरात एक न पाहिलेला उतारा असतो. म्हणजे तुम्ही जन्मात कधी न बघितलेलं पानभर इंग्रजी तुमच्यापुढे टाकायचं आणि खाली प्रश्न विचारायचे. बरं, उतारा असायचा तरी कशावर? कुणीतरी रॉबर्ट बर्फात हरवलेला असायचा. त्याच्याबरोबर एक कुत्रा. आणि खाली प्रश्न, 'रॉबर्टच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?' अहो, मी विंझरच्या अलीकडच्या वाडीत राहते! मी बर्फात जाईनच कशाला? दुसरा प्रश्न, 'लेखकाला काय म्हणायचं आहे?' ते लेखकाला विचारा की! त्याला धड सांगता आलं नाही, तर त्याचे मार्क कापायचे सोडून माझे कापले. तीन वेळा!

पुढे लग्न झालं, संसार लागला, रॉबर्टला मी बर्फातच सोडून दिलं. गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून चिकटले. चौदा वर्षं खिचडी शिजवली, पोरांची नाकं पुसली, वजनं घेतली. आणि आमच्या सेविकाबाई निवृत्त व्हायची वेळ आली तेव्हा वरून निरोप आला, मदतनीस बारावी पास असेल तर सेविकेची जागा तिला, नाहीतर बाहेरून बाई येणार. म्हणजे कालची कुणी पोरगी येऊन खुर्चीत बसणार आणि मला सांगणार, "मावशी, जरा पाणी आणा हो." का? तर रॉबर्टमुळे! मी त्याच दिवशी चौथ्यांदा फॉर्म भरला.

शिकवणी लावली भोरच्या अत्तार मॅडमची. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलणं मध घातल्यासारखं. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून एक उतारा वाचून घेतला आणि चष्मा काढून म्हणाल्या, "सुनंदाताई, तुम्ही वाचत नाही. तुम्ही उताऱ्याशी भांडता."

"भांडू नको तर काय करू? हे बघा ना, तो नदीत पडला, तर 'का पडला' म्हणून विचारतात!"

"कारण ते तिसऱ्या ओळीत लिहिलंय. तुम्ही पहिल्या ओळीतच चिडलात." मग त्यांनी रीत सांगितली. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. नवीन शब्द आला तर थांबायचं नाही, आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधायचा. रोज एक उतारा वेळ लावून सोडवायचा, म्हणजे सवय होते.

मॅडमनी माझ्यासाठी उताऱ्यांचा गठ्ठा झेरॉक्स करून ठेवला होता. आमचे हे दुधाचा टेम्पो घेऊन भोरला जातात, म्हणून मी यांना बजावून सांगितलं, "अवो, येताना तेवढा उतारा आना. लई महत्त्वाचा हाय."

दुपारी हे घामाघूम होऊन आले आणि माझ्या हातात कागद ठेवला. सातबारा! आमच्या वरच्या खाचराचा सातबाराचा उतारा, शिक्क्यासकट!

"दोन तास लाइनीत हुबा व्हतो," हे म्हणाले. "आठ-अ पन काढून आनलाय. राहू दे, लागतो."

"ह्यो कशाला आनला? माजी परीक्षा हाय इंग्रजीची!"

"मग उतारा उतारा काय करतीस? तलाठ्याची परीक्षा देतीयास म्हनलं!"

(रागाच्या भरात मी तो सातबाराही सोडवायला घेतला. आधी प्रश्न वाचायचे म्हटलं, तर प्रश्नच नाहीत. नुसती उत्तरं. 'पोटखराबा' या शब्दाशी अडले आणि सोडून दिला.)

शेवटी गठ्ठा मी स्वतः जाऊन आणला. रात्री मॅडमनी मोबाईलवर आवाजी निरोप पाठवला. मी चुलीपुढे भाकरी थापत होते, हात पिठाचे, म्हणून तो मोठ्या आवाजात लावला. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. मॅडमचा निरोप मी शब्दन् शब्द सांगते, म्हणजे पुढं जे झालं त्यात माझी चूक नव्हती हे तुम्हालाही कळेल.

"सुनंदाताई, उद्यापासून रोज तिन्हीसांजेला एक उतारा. न पाहिलेलाच हवा, पाहिलेल्याचा उपयोग नाही. एकदा सुरू केला की मध्ये कुणाशी बोलायचं नाही. अडखळलात तरी मागं वळून बघायचं नाही, सरळ पुढं जायचं. महिनाभर नेमानं करा. बसलेली भीती अशी निघून जाते की बस!"

आत्यांचा घास हातातच राहिला. "आत्ता गं बया!" त्या म्हणाल्या. "भोरची म्याडम एवढी जाणती हाय व्हय?"

"लई हुशार हैत," मी म्हणाले आणि भाकरी उलटली. इथं माझं डोकं चालायला हवं होतं. आमच्याकडे कुणाला बाधलं, दृष्ट लागली, की दहीभात, लिंबू, हळदकुंकू अंगावरून ओवाळतात आणि गावाबाहेर तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर नेऊन ठेवतात. जाताना कुणाशी बोलायचं नाही, येताना मागं वळून बघायचं नाही. त्यालाही उताराच म्हणतात! आणि तो उतारा कुणी उचलायचा नसतो, नाहीतर उतरवलेलं सगळं उचलणाऱ्याच्या अंगावर येतं. पण माझं लक्ष भाकरीत होतं.

महिनाभर मी रोज संध्याकाळी आतल्या खोलीला कडी लावून बसायचे. आत्या दारात पहारा द्यायच्या. कुणी हाक मारली की बोटानं गप्प करायच्या, "शू! उतारा चाललाय." मला भरून यायचं. अक्षरओळख नसलेली बाई, पण शिक्षणाची केवढी कदर!

एकदाच त्यांनी काळजीनं विचारलं, "सुनंदा, तू उतारा घरातच ठिवतीस?"

"व्हय. कपाटात. नीट लावून."

आत्यांनी कपाळावर हात मारला. तेव्हा मला वाटलं, कपाटात त्यांची लुगडी असतात म्हणून.

इथं आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जरी ती माझ्या विरोधात जाते. पेपरच्या आधीच्या आठवड्यात आमच्या अंगणवाडीतल्या एका पोराच्या आईनं, मंगलनं, तापलेल्या पोराला दवाखान्यात न्यायचं सोडून तिठ्यावर उतारा ठेवला. मी सगळ्या आयांना तिथंच उभं करून भाषण ठोकलं. "ह्यात भात हाय, दही हाय, लिंबू हाय. दुसरं काय बी न्हाई! भिता कशाला? शिकलेल्या बाया ना तुमी?" टाळ्या पडल्या. (उताऱ्याला मी हात लावला नव्हता. पण भाषणात तशी गरजही पडली नाही.)

पेपरच्या आदल्या संध्याकाळी कडी लावायचीही विसरून मी शेवटचा उतारा सोडवता सोडवता वहीवरच डोकं टेकलं. डोक्यावरून काहीतरी फिरतंय असं अर्धवट झोपेत जाणवलं. आत्या डास हाकलतायत, असं म्हणून मी कूस बदलली.

सकाळी सात वाजता हॉलतिकीट सापडेना! गाइडात नाही, पिशवीत नाही, कपाटात नाही. पेपर अकराला, केंद्र भोरला, वाटेत नसरापूरला गाडी बदलायची. दुसरी प्रत मिळते म्हणतात, पण ती धावाधाव आदल्या दिवशी करायची असते. मी घर डोक्यावर घेतलं. यांनी बंद पडलेल्या टेम्पोच्या सीटखाली बघितलं.

"आत्या, माजा कागद बगितला का? फोटोचा?"

"बगितला की," आत्या शांतपणे दात घासत म्हणाल्या. "तिठ्यावर हाय."

"तिठ्यावर?"

"म्हयनाभर उतारं केलंस आन् एकबी भाईर टाकला न्हाईस. घरातच साठवलंस! मग कसं उतरंल इंग्रजी? म्हनून काल म्याच ओवाळला. म्हनलं, पेपरावर काय मंतर चुकाय नगं. मग त्यो कागद गावला. तुजा फोटो बी व्हता, तुजं नाव बी आसंल, आन् खाली सगळं इंग्रजी. म्हनलं, ह्योच कागद. त्याच्यावर ठिवला दहीभात."

आजूबाजूच्या गोष्टींवरून अंदाज बांधायचा, असं मॅडम मला महिनाभर सांगत होत्या. मला जमलं नाही ते या बाईनं दिव्याच्या उजेडात एका झटक्यात केलं होतं!

आम्ही पळत तिठ्यावर गेलो. हॉलतिकीट होतं. त्यावर दहीभाताचा ढीग, वर कापलेलं लिंबू, आणि फोटोतल्या माझ्या कपाळावर हळदकुंकू. कुत्र्यानंसुद्धा तोंड लावलं नव्हतं.

"काढा की," मी यांना म्हणाले.

"म्या? माजा काय पेपर हाय का?"

"हात लावू नगंस!" मागून आत्या ओरडल्या. "सगळं इंग्रजी परत अंगावर यील!"

तेवढ्यात पोराला कडेवर घेऊन मंगल आली, आणि तिच्यामागून आणखी चारपाच जणी. बघायला मिळेल तिथं आमची वाडी वेळेवर हजर असते. मंगलनं एकदा उताऱ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "ताई," ती गोड आवाजात म्हणाली, "तुमीच म्हनला व्हता, भाताबिगर त्यात काय बी नसतंय."

"न्हाईच मुळी!"

"मग उचला की."

मी दोन पावलं पुढं झाले. चौदा वर्षांची खिचडी डोळ्यांपुढं आली. वाकले. लिंबाची फोड माझ्याकडंच बघतेय असं वाटलं. सरळ झाले.

"अवो," मी यांना म्हणाले, "घरातनं सांडशी आना."

"सांडशी?" मंगलनं विचारलं.

"स्वच्छता म्हनून! उघड्यावरचं अन्न हाय! जंतू असत्यात त्यात!" मी इतक्या जोरात ओरडले की तिच्या कडेवरचं पोर रडायला लागलं.

सांडशी आली. मी डोळे मिटून कागदाचा कोपरा धरला, भात बाजूला झटकला आणि हॉलतिकीट लांब धरून तशीच एसटीच्या थांब्याकडं निघाले. पिशवी खांद्याला, पुढं सांडशी, सांडशीत कागद. मागून हे काहीतरी ओरडत पळत येत होते. मी वळले नाही. मला सगळ्यांचाच राग आला होता. एसटी आली, मी चढले. नसरापूरला पिशवीत पेन सापडेना तेव्हा कळलं, हे पेन घेऊन ओरडत होते.

केंद्राच्या फाटकात शिपायानं मला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं."

"मीच परीक्षा हाय!" मी म्हणाले. रागात माझं मराठीही बिघडतं.

वर्गात पर्यवेक्षक म्हणून एक तरुण सर होते, कडक इस्त्रीचे. त्यांनी हॉलतिकिटासाठी हात पुढं केला आणि हळदकुंकू दिसताच पटकन मागं घेतला. "हे... हे काय आहे?"

"हॉलतिकीट."

"बाकावर ठेवा. मी लांबूनच बघतो." दोन्ही हात पाठीमागं बांधून, वाकून, त्यांनी माझा नंबर वाचला. शिकलेला माणूस! मी पेन मागितलं तर त्यांनी ते बाकाच्या टोकाला ठेवून एका बोटानं माझ्याकडं ढकललं. "परत करू नका. राहू द्या तुम्हालाच."

माझा संताप इतका झाला होता की उताऱ्याशी भांडायला तो उरलाच नाही. आधी प्रश्न वाचले, मग उतारा. रॉबर्ट नव्हता. मधमाश्या पाळणारी कुणी बाई होती. शब्द अडले, मी पुढं गेले. पहिल्यांदाच मला लेखकाला काय म्हणायचं आहे ते कळलं, आणि ते फारसं काही नव्हतं.

मी पास झाले. त्रेचाळीस मार्क! सेविकेची ऑर्डर हातात पडली त्या दिवशी अत्तार मॅडम पेढे घेऊन खास वाडीवर आल्या. आत्यांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "म्याडम, उताऱ्यानंच झालं बगा."

"अगदी बरोबर, आजी! मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते."

"नेमानं केला पायजे."

"रोज! आणि मागं वळून बघायचं नाही."

"आजिबात न्हाई!" दोघींचेही डोळे भरून आले. एवढं एकमत मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

मला राहवेना. तीस संध्याकाळी डोळे फोडले मी, आणि श्रेय दहीभाताला? "अवो, म्या अभ्यास केला!" मी म्हणाले. "त्या तिठ्यावरच्या असल्या गोष्टींवर माजा काडीचा इस्वास न्हाई!"

आत्या माझ्याकडं बघून हसल्या. मग लेकाकडं वळल्या. "व्हय रं, त्या दिवशी तू पेन घिऊन तिठ्यापासनं थांब्यापतूर वरडत पळत व्हतास. मग हिनं एकदाबी वळून का न्हाई बगितलं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मॅडमनी तर चष्मा लावून पाहिलं. प्रश्न सरळ होता, आणि उत्तर उताऱ्यातच होतं. मी तो प्रश्न कोरा सोडला आणि चहा ठेवायला उठले.