ग्राफिक्स कार्ड आणि माझं बनियन

आमच्या घरचा कॉम्प्युटर मी स्वतःच्या हातांनी जोडलेला आहे, आणि हे वाक्य मी हल्ली चारचौघांत बोलत नाही.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. वैजापूर तालुक्यातल्या शाळेत शिकलो, इंजिनिअर झालो, वाळूजच्या कारखान्यात लागलो आणि आई-आप्पांना बजाजनगरात राहायला आणलं. मला शिकवण्यासाठी आप्पांनी काय काय सोसलं ते मी विसरलेलो नाही. अडचण एवढीच, की आमच्या लोकांच्या हिशेबी इंजिनिअर म्हणजे सगळ्याचाच इंजिनिअर. पाण्याची मोटर, मिक्सर, मोबाईल, सगळं माझ्याकडे. बबनमामांनी तर एकदा आजारी म्हैस मला व्हिडिओ कॉलवर दाखवली होती! (मी मामांना म्हशीचे कान हलतात का बघा म्हणालो. काहीतरी बोलणं भाग होतं.)

माझी धाकटी बहीण शीतल त्रिमिती ॲनिमेशन शिकली. तिनं आमच्या मार्केट यार्डातला कांद्याचा ढीग कॉम्प्युटरवर असा काही बनवला होता, की वाऱ्यानं एकेका कांद्याचं साल हलायचं. फक्त आमच्या जुन्या मशिनवर एक साल हलेपर्यंत चहा उकळून, पिऊन, कप धुऊन व्हायचा. पुण्याच्या एका कंपनीनं तिला व्हिडिओ मुलाखतीला बोलावलं आणि ढीग त्यांच्यासमोर फिरवून दाखवायला सांगितला. आप्पांची अट ठरलेली होती.

"नोकरी कर, पर घरात बसून. पुण्याला एकटी पोरगी धाडायची नाय म्हंजी नाय. आन् ह्यातलं काय जमलं नाय, तर मंग मी स्थळं बघाया लागतो."

म्हणजे शीतलचं सगळं भवितव्य त्या कांद्यांवर होतं, आणि कांदे माझ्यावर! मी क्रांती चौकातल्या दुकानातून नवं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र पळवणारा भाग, आणलं.

मुलाखत दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. सकाळी आईनं कार्डाला हळदकुंकू लावलं. मी चार व्हिडिओ बघून ते मशिनमध्ये बसवलं, वायरी लावल्या, बटण दाबलं. आतले पंखे गरगरले, कार्डावर रंगीबेरंगी दिवे लागले, शीतलनं टाळ्या वाजवल्या. आणि पडदा काळा ठिक्कर!

"दादा, दिसत नाहीये काही."

"थांब गं. नवीन आहे, बावरलंय."

दहा मिनिटं आम्ही त्याला बावरू दिलं. मग माझा संशय हळदकुंकवावर गेला. मशिन बंद करून कार्ड उपसलं आणि त्याच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासला. (आपल्याकडे कॉम्प्युटरचा कुठलाही आजार आधी खोडरबरनं घासून बघतात.) पुन्हा बसवलं. काळं! रॅम घासली. काळं! मग घासण्यासारखं काही उरलं नाही म्हणून दुकानदाराला फोन केला.

"भाई, कार्ड तो एकदम ओके है," तो म्हणाला. "पंखा फिरता क्या?"

"फिरता."

"केबल कार्डमेच लगाये ना?"

"हौ, कार्डमेच लगायी."

"तो फिर पिच्चर किधर तो बी आताच होंगा. देखो बराबर."

किधर तो बी! मी त्याच्या अज्ञानाची कीव करत फोन ठेवला.

तोवर वैजापूरहून बबनमामा मॅच बघायला येऊन पोचले आणि बाहेरच्या खोलीत आप्पांशेजारी टीव्हीसमोर बसले. चार वाजायला आले होते. उकाड्यानं आणि काळजीनं मी शर्ट काढून बनियनवर आलो होतो. आवाज नको म्हणून आमच्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. ते ढकलून आई आत आली.

"आरं गणेश, टीव्हीवर मॅच लागंना. नुसतं निळं निळं दिसतंय. मामा खोळंबलेत."

"आई, इथं शीतलचं आयुष्य पणाला लागलंय आणि तुला मॅच सुचतेय?"

आई गेली. मी शेवटचा उपाय म्हणून मशिन बंद करून पुन्हा चालू केलं आणि रागारागानं एंटरचं बटण दहा-पंधरा वेळा बडवलं. पडद्यावरच्या कॅमेऱ्याचा बारीक हिरवा दिवा तेवढा लागला.

"बघ," मी म्हणालो, "कॅमेऱ्यापर्यंत करंट आलाय! प्रगती आहे."

"दादा, चार वाजले!" शीतल रडायलाच लागली. "ते लोक वाट बघत असतील."

"बघू देत! उशीर झाला तर त्यांच्या घरचा स्वयंपाक करपणार आहे का? अशा छप्पन्न कंपन्या मिळतील. आणि कोट घालून खुर्चीत बसून दुसऱ्याला प्रश्न विचारायला अक्कल लागते कुठे?"

दार पुन्हा उघडलं.

"आरं," आई दबक्या आवाजात म्हणाली, "टीव्हीत कोट घातलेली एक बाई आलीय. शीतल शीतल करतीय."

"मालिकेत दर दोन बायांमागे एक शीतल असते, आई! तू जा बरं."

"तुझे आप्पा बोलतेत तिच्यासंगं."

"बोलू दे!"

आई गेली. मी कॉम्प्युटरच्या डब्याला दोन्ही हात जोडले. "बाई," मी खरंच म्हणालो, "पाया पडतो, आता तरी चालू हो." आणि सांगायला लाज वाटते, वाकून डब्याला डोकं टेकवलं. शीतल रडता रडता ओरडली, "दादा, तुला यातलं काही कळतं तरी का?" त्यावर आवेशात मी जे कधी आईबापालाही सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. "नाही कळत! आजवर जे दुरुस्त झालं, ते सगळं आपोआप झालं!"

दारात आता बबनमामा उभे होते. चेहरा भूत बघितल्यासारखा.

"गणेश," ते म्हणाले, "तू टीव्हीत बनियनवर का रं बसलास?"

मी बाहेर धावलो आणि जागच्या जागी थिजलो. भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीवर आमची खोली होती! उघडा डबा, रडणारी शीतल, माझी रिकामी खुर्ची, आणि शेजारच्या चौकटीत कोट घातलेल्या एक मॅडम आणि दोन साहेब. एका साहेबानं तोंडावर रुमाल दाबला होता. समोर आप्पा हात जोडून ताठ बसले होते.

"हॅलो, आमचा आवाज येतोय का?" टीव्हीतल्या मॅडम विचारत होत्या.

"येतोय, येतोय मॅडम! मघाधरनं सांगतोय, येतोय!" आप्पा घसा ताणून म्हणाले. "च्या घेता का?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ अंधारीही आली. आप्पांना भजनं ऐकता यावीत म्हणून आमच्या कॉम्प्युटरची एक केबल भिंतीतून बाहेरच्या टीव्हीला नेलेली आहे; तिच्यातून चित्र आलं की टीव्ही बाकी सगळं सोडून तेच दाखवतो. सकाळी कार्ड बसवल्यावर माझ्या हातात दोन केबली होत्या, एक टीव्हीची आणि एक शीतलच्या पडद्याची. आमच्या घरात नवं काही आलं की पहिला मान आप्पांचा. पहिला आंबा आप्पांना, नवी गादी आप्पांना. त्याच संस्कारानं मी नव्या कार्डाची जागा आप्पांच्या टीव्हीला दिली आणि आमचा पडदा मशिनच्या मागच्या जुन्या, कार्ड बसल्यावर बंद पडलेल्या जागेत खोचला. कार्ड सकाळपासून ठणठणीत चालत होतं, आप्पांसाठी! सगळं चित्र टीव्हीवर आणि आवाजही टीव्हीतूनच. कॅमेरा आणि माइक मात्र आमच्या खोलीत. मशिन सुरू झालं की मुलाखतीचं ॲप आपोआप उघडावं अशी सोयही मीच करून ठेवली होती, आणि ती मुलाखत मी एंटर बडवून स्वतःच सुरू केली होती.

म्हणजे छप्पन्न कंपन्या, करपलेला स्वयंपाक, कोट, अक्कल, डब्याला घातलेला नमस्कार, सगळं पुण्याला पोचलं होतं!

शीतल माझ्या मागून सगळं बघून गेली होती. तिनं डोळे पुसले, आत जाऊन आमच्या पडद्याची केबल उपटली आणि कार्डाच्या दुसऱ्या भोकात लावली. पडदा झगझगला. इतकंच काम होतं.

"सॉरी मॅडम," ती खुर्चीत बसून शांतपणे म्हणाली. "मी शीतल. सुरू करू?"

आणि कांदे फिरू लागले. सालं अशी भुरभुरली की बाहेर बबनमामा मॅच विसरून टीव्हीजवळ सरकले. "पहिल्या नंबराचा माल हाय," ते आप्पांना म्हणाले. मॅडमनी प्रश्न विचारले, शीतलनं उत्तरं दिली. मी दाराआड उभा राहून शर्टाची बटणं चुकीच्या काजांत घालत होतो.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "शीतल, तुझं काम आम्हाला फार आवडलं. तुला घेतलं असं समज. पण घरून काम करायची जी तुझी विनंती होती..." त्या जरा थांबल्या. "आम्ही घरची परिस्थिती पाहिली. तुला पुण्याच्या ऑफिसातच यावं लागेल."

शीतलचा चेहरा पडला. आईनं पदर तोंडाला लावला. आम्ही सगळे आप्पांकडे बघायला लागलो. आप्पांनी टीव्हीकडे पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे, चुकलेल्या बटणांपासून वरपर्यंत, सावकाश पाहिलं. उठले, आत गेले आणि थेट कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

"मॅडम, लई बरोबर बोलल्या तुमी," ते म्हणाले. "पोरगी ह्याच्याजवळ ऱ्हायली तर नोकरी टिकायची नाय. कवा धाडू सांगा."

शीतलला पुण्याला पाठवा म्हणून मी वर्षभर आप्पांपुढे मुद्देसूद बोलत होतो, त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता. शेवटी त्यांना माझं काम एकदा डोळ्यांनी बघायला मिळालं, तेही मोठ्या पडद्यावर, आणि दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतः तिच्यासाठी बॅग घेऊन आले!